माळशिरसच्या द्राक्षपट्ट्यात मुक्काम कुठे करायचा? सोलापूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात वाइन बनते हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण तिथे जाऊन राहायचं कुठे, या प्रश्नाशी गाडी अडते. बहुतेक जण नाशिक डोळ्यांसमोर ठेवून बेत आखतात. एका रस्त्यावर चार वायनऱ्या, मध्ये-मध्ये हॉटेलं, दुपारी इथे, संध्याकाळी तिथे. आपल्याकडे तसं नाही. इथे ओळखीची मोठी वायनरी म्हणजे फ्रॅटेली. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरच्या भावांनी मिळून उभी केलेली. ती आहे माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला, आणि तिच्या आजूबाजूला वाड्या-वस्त्या आणि माळरान. त्यामुळे इथे मुक्कामाची जागा चुकली की अर्धा दिवस गाडीतच जातो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. खोली कशी आहे हे नंतर बघा. आधी ठरवा की वाइन चाखून झाल्यावर संध्याकाळी गाडी कोण चालवणार. या एका प्रश्नाच्या उत्तरावर निम्मी निवड आपोआप होते.

आधी नकाशा नीट लावा

वाइनच्या गप्पांत कायम ‘अकलूज’ हे नाव येतं, म्हणून लोक अकलूजला लॉज बुक करतात आणि सकाळी वायनरी कुठे म्हणून विचारत फिरतात. अकलूज नीरा नदीच्या काठी, उसाच्या मुलखात आहे. मोटेवाडी माळशिरसच्या पलीकडे, एकशिव–गारवाड रस्त्यावर, कोरडवाहू भागात आहे. अकलूजहून तिथे पोचायला पाऊण ते एक तास धरा. सोलापूरहून पंढरपूर, वेळापूर, माळशिरस असं गेलात तर एकूण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर पडतात. चहापाणी धरून तीन तास. दुसरा रस्ता पुणे महामार्गाने टेंभुर्णीपर्यंत आणि तिथून अकलूज. अकलूजला मुक्काम असेल तर हा सोयीचा.

फोनवर नुसतं ‘मोटेवाडी’ टाकून नकाशा लावू नका. वाड्यांची नावं सगळीकडे सारखी असतात. वायनरीचं नाव टाका, किंवा बुकिंग करताना लोकेशन मागवून घ्या आणि नकाशाचा तो तुकडा ऑफलाइन उतरवून ठेवा. आतल्या रस्त्यावर रेंज येते-जाते.

रेल्वेने यायचं तर कुर्डुवाडी किंवा पंढरपूर ही स्टेशनं. अकलूजला रेल्वे नाही. एसटीने अकलूज किंवा माळशिरस गाठता येतं, पुढच्या वाडीसाठी स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच. शहरासारखी ॲपवर टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका.

पायरी 1: संध्याकाळचा हिशेब मांडा

‘चाखायचीच तर आहे, पिणार कुठे कोण’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा हिशेब. चाखण्याच्या एका फेरीत समजा सहा वाइन आल्या आणि प्रत्येकी 30 मिली ओतली. झाले 180 मिली. वाइनमध्ये साधारण 13 टक्के अल्कोहोल धरलं तर 23 मिली, म्हणजे वजनाने 18 ग्रॅमच्या आसपास. 60 किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात हे 100 मिलीमागे 40 मिलीग्रॅमच्या वर जाऊ शकतं. बायकांच्या बाबतीत त्याहून जास्त, आणि उपाशीपोटी असाल तर ते भराभर चढतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे 30 मिलीग्रॅम. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जेवताना आणखी एक ग्लास घेतला तर बोलायलाच नको. शिवाय महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट 21 आहे. कॉलेजची पोरं सोबत असतील तर हे आधीच बोलून घ्या, काउंटरवर वाद नको.

थोडक्यात, चाखणारा चालवणार नाही. मग तीनच रस्ते उरतात. वायनरीतच राहायचं. किंवा चालकासह गाडी करायची. किंवा घरातला एक जण न पिणारा, आणि तो खरोखर न पिणारा हवा. ‘मी थोडीच घेईन’ म्हणणारा नव्हे.

चालकासह गाडी करणार असाल तर चालक रात्री झोपणार कुठे हे खोली ठरवतानाच विचारा. चालकाला खाट, पंखा आणि जेवण मिळतं का? नसेल तर तो गाडीत झोपतो, आणि सकाळी तुम्ही पेंगुळलेल्या माणसाच्या हातात घरच्यांना देता. ही गोष्ट लोक हमखास विसरतात.

पायरी 2: महिना बघा. मुक्काम महिन्यावर ठरतो

आपल्याकडे द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि पीक एकदाच येतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि काढणी जानेवारीअखेर ते मार्च. तुम्हाला काय बघायचंय त्यावर महिना, आणि महिन्यावर जागा.

जानेवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत वेलीवर घड असतात, वायनरीत यंत्रं चालू असतात. जायचं तर याच दिवसांत. पण काढणी बघायची असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. वाइनची द्राक्षं पहाटे नि सकाळच्या गारव्यात तोडतात. ऊन चढलं की मणी तापतात, फुटलेल्या मण्यांचा रस क्रेटमध्येच आंबायला लागतो आणि वास-चव बिघडते. म्हणून नऊ-दहापर्यंत तोडणीची घाई उरकत आलेली असते. पंढरपुरात किंवा सोलापुरात राहून, नाश्ता करून अकराला पोचणाऱ्याला फक्त रिकामे क्रेट धुताना दिसतात. काढणीसाठी येणार असाल तर मुक्काम अर्ध्या तासाच्या आतच हवा. आज कुठल्या प्लॉटमध्ये तोडणी आहे हे आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. मण्यांत पुरेशी साखर भरली की नाही यावर दिवस ठरतो, कॅलेंडरवर नाही.

याच दिवसांत वायनरीच्या किंवा बागेच्या अगदी लागून असलेल्या खोलीत शांतता मिळेल असं समजू नका. टाक्या गार ठेवणारी यंत्रं रात्रभर घरघरतात, चोथ्यावर चिलटं घोंगावतात. उजाडताच भोरड्यांचे थवे बागेवर उतरतात आणि राखणारे पत्र्याचे डबे बडवायला लागतात. लहान बाळ किंवा हलकी झोप असलेलं कुणी बरोबर असेल तर बागेकडची खोली न घेता रस्त्याकडची किंवा मागची मागा. बाकीच्यांनी डब्यांच्या आवाजाने उठावं आणि तडक बागेत जावं, तीच वेळ पाहण्याची.

आता फळछाटणीचे दिवस. दसऱ्याच्या आसपास हवा छान असते, सुट्ट्या असतात, खोल्याही सहज मिळतात. म्हणून बरेच जण तेव्हा येतात, पण तेव्हा बागेत नुसत्या काड्या असतात. आणि एक धोका असतो, जो कुठल्याच बुकिंगच्या पानावर लिहिलेला नसतो. छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. बागायतदार त्याला ‘पेस्टिंग’ म्हणतात. कुठले डोळे झाले नि कुठले राहिले हे कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवलेला असतो. हे रसायन त्वचेला तर वाईटच, पण ते अंगात भिनलं असताना दारू घेतली तर शरीराला अल्कोहोल पचवता येत नाही. चेहरा लालबुंद होतो, धडधड वाढते, मळमळतं, रक्तदाब घसरतो. लावणाऱ्या मजुरांना म्हणूनच आधी नि नंतर काही दिवस दारू वर्ज्य असते. पाहुण्याने सकाळी लाल रंगाच्या काड्या हाताळत फोटो काढायचे आणि संध्याकाळी वाइन चाखायची, हा बेत अगदीच चुकीचा. या दिवसांत बागेतल्या फार्महाऊसवर राहू नका. राहिलात तर पेस्टिंग झालेल्या ओळीत शिरू नका, पोरांना तर बिलकूल सोडू नका.

त्यापुढचे दोन-अडीच महिने फवारणीचे. डाऊनी आणि भुरी या वेलीवरच्या बुरशीच्या रोगांमुळे बागायतदाराची झोप उडालेली असते, ट्रॅक्टरचा ब्लोअर पहाटे किंवा ऊन उतरल्यावर फिरतो. नेमकी तीच वेळ पाहुण्यांच्या अंगणात बसण्याची. खोली बागेपासून किती लांब आहे, फवारणीआधी सांगतात का, खिडक्यांना काच आहे की नुसती जाळी, हे विचारून घ्या. दम्याचा त्रास असलेल्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरात गावातली जागा घ्यावी, बागेतली नको. वेलीवरचा मणी तोडून तोंडात टाकायची सवय कुठल्याच महिन्यात बरी नाही.

एप्रिल-मे टाळा. खरड छाटणीने बाग बोडकी होते आणि सोलापूरचं ऊन कसं असतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. पावसाळ्यात वेली हिरव्यागार असतात पण घड नसतात. निवांत राहायला मात्र बरं, गर्दीही नसते.

फक्त आषाढी वारीच्या दिवसांत या वाटेला जाऊ नका. ज्ञानोबांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव अशी येते आणि तुकोबांची सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला. म्हणजे तुमच्या बेतातलं एकूण एक गाव त्या आठवड्यात वारकऱ्यांचं असतं. रस्ते वळवलेले, लॉज भरलेले, आणि आषाढी एकादशीला तर दारूबंदीच. वारी बघायला या, जरूर या, वाइन दुसऱ्या वेळी. पंढरपूरच्या चार मोठ्या वाऱ्यांपैकी माघी वारी मात्र जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन काढणीच्या हंगामात येते, आणि ती तारीख तपासायला लोक विसरतात. पंढरपुरात मुक्काम करणार असाल तर माघी एकादशीच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवस सोडा.

ड्राय डेची यादीही पाहून ठेवा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, शिवाय निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तास. जोडून सुट्टी आली म्हणून 26 जानेवारीला वायनरी गाठणारे दर वर्षी असतात. त्या दिवशी बाग दिसेल, वाइन मिळणार नाही.

पायरी 3: जागा निवडा

वायनरीतल्या खोल्या. पहिल्यांदा जाणाऱ्या आणि चाखणाऱ्या जोडप्यांसाठी किंवा चार-सहा जणांच्या मित्रमंडळींसाठी हीच जागा. गाडीचा प्रश्न मिटतो, पहाटेची काढणी दारात, जेवण तिथेच. अडचण एवढीच की खोल्या मोजक्या, आणि आगाऊ नोंदणीशिवाय जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. काढणीच्या हंगामातले शनिवार-रविवार हवे असतील तर महिनाभर आधी फोन करा. मंगळवार-बुधवार निघता आलं तर सोन्याहून पिवळं, माहिती देणाऱ्या माणसालाही बोलायला सवड असते. दर सांगितला की लगेच विचारा: खोलीचा की माणशी? त्यात किती वेळचं जेवण? वायनरीची फेरी आणि चाखणं धरून की वेगळं? जीएसटी लावून की सोडून?

अकलूज. कुटुंब मोठं असेल, आजी-आजोबा आणि पोरं असतील, आणि वाइन हा सहलीचा एक भागच असेल तर अकलूज. लॉज आणि हॉटेलं आहेत, दवाखाने आहेत, रात्री औषधाचं दुकान सापडतं. पोरांना सयाजीराजे पार्क, मोठ्यांना नीरेकाठचा किल्ला आणि तिथली शिवसृष्टी. घरातले अर्धे वायनरीत गेले तरी उरलेल्यांना दिवस खायला उठत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. साधारण नोव्हेंबर ते मार्च कारखान्याचा गळीत हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना रस्त्याने जातात, कधी रस्त्यातच बंद पडून उभे असतात. अंधार पडायच्या आत अकलूजला परत यायचंच, असं ठरवून निघा. चाखण्याची वेळ म्हणून दुपारी तीनच्या आधीची घ्या. दुसरं म्हणजे लग्नतिथी. तिथीला लॉज वऱ्हाडाने भरतात आणि कार्यालयाशेजारच्या खोलीत बँड-डीजे फुकट ऐकायला मिळतो. पंचांग बघून तारीख घ्या. दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो, तेव्हाही खोल्यांची टंचाई असते. घोडे बघायची हौस असेल तर मात्र तोच मुहूर्त साधा.

माळशिरस आणि नातेपुते. पंढरपूर–फलटण रस्त्यावरची गावं, वायनरीला अकलूजपेक्षा जवळ. रात्री पाठ टेकायला साधे लॉज मिळतात. फार अपेक्षा ठेवू नका, पण वायनरीत खोली मिळाली नाही आणि पहाटे तोडणी बघायचीच आहे, तर पहिला पर्याय हा. बरोबर बाईमाणसं असतील तर पैसे भरण्याआधी खोली आणि न्हाणीघर डोळ्यांनी बघा.

शेतातली कृषी पर्यटन केंद्रं आणि फार्महाऊस. इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. आपल्या जिल्ह्यात हुरडा पार्टीची केंद्रं भरपूर, आणि हुरड्याचा हंगाम डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध म्हणजे द्राक्षाच्या हंगामाला लागूनच. दोन्ही एका फेरीत बसवण्याची कल्पना उत्तम. पण यातली बरीच केंद्रं सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपुरतीच असतात. ‘राहण्याची सोय आहे’ याचा अर्थ कधी चार पक्क्या खोल्या, कधी एक हॉल आणि गाद्या. आजचे, जिथे झोपणार त्या खोलीचे आणि न्हाणीघराचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. बैलगाडी आणि झोपाळ्याचे नकोत. राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून पर्यटन विभागाकडे केंद्राची नोंदणी होते. नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का हे विचारण्यात गैर काहीच नाही. आणि वाइन हा विषय फोनवरच काढा. बहुतेक केंद्रं घरगुती असतात, चुलीजवळ सासू-सुना राबत असतात, माळकरी माणसं असतात. ‘दादा, आम्ही जाताना एक बाटली घेऊन येऊ, चालेल का?’ असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर बाटली डिक्कीतच ठेवा, किंवा दुसरी जागा बघा. गपचूप पिऊन रात्री आवाज चढला की पुढच्या पाहुण्यांचा रस्ता बंद होतो.

पंढरपूर. खोल्यांची संख्या मुबलक, दर माफक, सोलापूरहून रस्ता चांगला. पण वायनरी इथून दीड तासावर, आणि भक्तनिवास ही वाइन घेऊन परतायची जागा नव्हे. विठोबाचं दर्शन आणि वाइन एका सहलीत बसवायचं असेल तर क्रम उलटा करू नका: पहिल्या दिवशी दर्शन आणि पंढरपुरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी निघून वायनरी आणि मुक्काम तिकडेच. बाटल्या बरोबर घेऊन पंढरपुरात परत येण्याची वेळच येत नाही.

सोलापुरातून जाऊन-येऊन? चाखायचं नसेल तर होतं. सहाला निघून रात्री आठला घरी. पण खरं सांगायचं तर न पिणाऱ्यांनी एवढं लांब जाण्यापेक्षा नान्नजची बाजू बघावी. बार्शी रस्त्याला, शहरापासून वीसेक किलोमीटर. सोनाका आणि शरद सीडलेस या खायच्या द्राक्षांच्या जाती नानासाहेब काळ्यांनी याच गावात निवडल्या. माळढोकचं अभयारण्यही तिथेच. मुक्कामाची गरजच नाही, रात्री आपल्या घरी. मार्च-एप्रिलात कासेगाव-पंढरपूर भागात बेदाण्याची शेड चालू असतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढलेली द्राक्षं जाळीच्या रॅकवर बारा-पंधरा दिवस सावलीत सुकतात. बघायला जा, पण शेडशेजारची खोली घेऊ नका. गंधकाची धुरी दिली की रात्रभर खोकला.

पायरी 4: फोनवर विचारायचे प्रश्न

बुकिंगच्या पानावर ‘सर्व सोयी’ असं लिहिलेलं असतं. त्या सोयी कोणत्या, हे फोनवरच कळतं.

वीज: ‘खोल्यांची लाइन गावठाण फीडरवर आहे की शेती फीडरवर?’ गावठाण फीडर म्हणजे गावातल्या घरांना वीज देणारी लाइन. हा प्रश्न ऐकून समोरचा जरा चपापतो, पण उत्तर खरं देतो. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते आणि ती कधी दिवसा, कधी रात्री अशी फिरते. फार्महाऊस त्या लाइनवर असेल तर एसी फक्त फोटोत. इन्व्हर्टर आहे म्हणाले तर त्यावर पंखा नि दिवे चालतात, एसी आणि गिझर नाही, हे गृहीत धरा. जनरेटर असेल तर रात्री किती वाजेपर्यंत चालवतात ते विचारा.

पाणी: बोअरचं पाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, एवढंच. त्याला इलाज नाही. पिण्यासाठी जार आहे की फिल्टर, ते विचारा आणि गाडीत वीस लिटरचा एक जार ठेवा. आंघोळीचं पाणी सोलरवर असेल तर ते संध्याकाळी कढत आणि जानेवारीत पहाटे कोमट. तोडणी बघायला पाचला उठणाऱ्यांनी आंघोळ आदल्या रात्रीच उरकावी.

ओळखपत्र: प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ आधार कार्ड किंवा तत्सम काही बरोबर ठेवा. आणि सोलापूरकरांसाठी खास सूचना: काही लॉजवाले स्थानिक पत्त्याच्या माणसाला खोली देत नाहीत. ‘आधारवर सोलापूर जिल्ह्याचा पत्ता आहे, चालेल ना?’ हे आधी विचारलं की रात्री नऊला दारातून परतायची पाळी येत नाही. लग्न न झालेल्या जोडप्यांनीही फोनवरच खात्री करावी.

जेवण: ऐनवेळी जेवण मिळणार नाही, वाडीत हॉटेल नाही. शाकाहारी-मांसाहारी, किती माणसं, किती वाजता, हे आदल्या दिवशी कळवा. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, मटणाचा रस्सा, एवढं सांगितलं तर कुठलीही माउली झकास करते. पनीरचा आग्रह धरलात तर पनीर अकलूजहून यायला हवं. वाइनबरोबर जेवायचं असेल तर रश्श्यात तिखट बेताचं टाकायला सांगा. सोलापुरी तिखटाने जीभ बधिर झाली की सांजोव्हेझे आणि शिराझ या दोन द्राक्षांच्या लाल वाइनींत काही फरक कळत नाही.

रद्द करायचं झालं तर? काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर बागेत पाहुणे नको असतात, माणसं हवालदिल असतात. अशा वेळी तारीख बदलून देतात का, ते आधीच विचारून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आगाऊ रक्कम भरल्याची पावतीही तिथेच.

पायरी 5: पैशांचा ताळा करा

दोन जागांची तुलना खोलीच्या दरावर करू नका. कागदावर दोन रकाने आखा. एकात वायनरीतला मुक्काम: खोली, जेवण, फेरी, चाखणं, सगळं धरून. दुसऱ्यात अकलूजची स्वस्त खोली: अधिक चालकासह दिवसभराची गाडी, अधिक चालकाचा भत्ता, अधिक बाहेरचं दोन वेळचं जेवण, अधिक वायनरीची फेरी आणि चाखण्याचे पैसे. दोन माणसांसाठी बेरीज केलीत की स्वस्त वाटणारी खोली बऱ्याचदा तितकी स्वस्त राहत नाही. सात-आठ जण असतील तर उलट. गाडीचा खर्च वाटला जातो, आणि अकलूज सहज परवडतं.

पायरी 6: पोचल्यावर

चारच्या आत पोचा. ऊन असताना खोली बघितली की जाळीची भोकं, गळका नळ, न चालणारा पंखा, सगळं लगेच दिसतं आणि बदलूनही मिळतं. अंधार पडल्यावर ‘सकाळी बघू’ एवढंच उत्तर मिळतं. बागेतल्या खोलीत बॅटरी आणि बंद बूट हवेत. ठिबकच्या नळ्या पायात येतात, ओल्या जागी साप-विंचू असतात, चपलेवर रात्री ओळीत फिरू नका. डिसेंबर-जानेवारीत माळावर थंडी चांगलीच झोंबते. घरची सोलापुरी चादर गाडीत टाका, कारण फार्महाऊसवरची पांघरुणं मोजकीच असतात.

चाखण्याआधी पोटात भाकरी हवी आणि दोन वाइनमध्ये पाण्याचा घोट हवा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात लाजण्यासारखं काही नाही, मुरलेले चाखणारे तेच करतात.

विकत घेतलेल्या बाटल्या खोलीत आणून ठेवा, गाडीत नकोत. मार्चच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. आतली वाइन फुगून बूच वर सरकतं, कडेने झिरपते, आणि जी उरते तिला शिजवलेल्या फळाचा वास येतो. परतीच्या वाटेवर बाटल्या डिक्कीत न ठेवता सीटखाली, ओल्या टॉवेलात गुंडाळून आडव्या ठेवा आणि एसी चालू ठेवा. वाटेत वेळापूरला अर्धनारीनटेश्वराच्या देवळात थांबणार असाल तर गाडी झाडाच्या सावलीत लावा. सावली नसेल तर एकाने गाडीत एसी लावून बसावं, बाकीच्यांनी दर्शन घ्यावं, मग अदलाबदल. घरी पोचल्यावर बाटल्या आठवडाभर गार जागी पडू द्या, त्याच रात्री उघडू नका.